कलम एक, कलम दोन

गांधीलमाशी म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. मग मी खिशातून नळी काढतो, आतले मुंगीएवढे काळे किडे पाहून तेच लोक हसतात. हिचं नाव गोनिओझस. माणसाच्या वाटेला जात नाही. माडावरच्या काळ्या डोक्याच्या अळीला मात्र डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते.

ही माशी वाढवायची तर आधी तिच्यासाठी तांदळातल्या पतंगाच्या अळ्या वाढवा, भरडलेल्या ज्वारीवर. पतंगांच्या पंखांची भुकटी नाकातोंडात जाते. तोंड बांधल्याशिवाय आमच्याकडे कोणी टिकत नाही. माश्या निघाल्या की मध चाटवायचा, नर-माद्या एकत्र ठेवायच्या आणि सोडण्याआधी नळीत माडावरच्या अळीची विष्ठा घालायची, म्हणजे वास ओळखीचा होतो. हे शेवटचं काम बरेच जण टाळतात. मी नाही टाळत.

चैत्रात गुहागरकडच्या एका आगरात गेलो. खालच्या झावळ्या वणव्यात होरपळल्यासारख्या. दर माडामागे २० माश्या सोडल्या, वहिनींच्या हातात छापील पत्रक दिलं आणि निघालो.

बाराव्या दिवशी गेलो तर कुंपणाशी धूर.

"वहिनी, हे काय?"

"तुमच्याच कागदात आहे की भाऊ, किडक्या झावळ्या कापून जाळा. माडावर चढणारा पाडेली काय सहज मिळतो? चार दिवस मागे लागून आणला."

कागद बघितला. कलम एक, मित्रकीटक सोडा. कलम दोन, झावळ्या जाळा. लिहिणारा माडाखाली कधी उभा राहिला नसावा. पण न वाचता वाटली मीच.

न पेटलेल्या बाजूने एक झावळी ओढली. पातीच्या खालच्या अंगाला विष्ठेचा आणि जाळीचा बोगदा असतो, तो नखाने उसवला. आत अळी लुळी पडलेली, तिच्या अंगाला माशीची पिल्लं चिकटून रस शोषतायत, आणि शेजारी आई राखण करत उभी. पुढच्या पातीत नुसते कोष. माश्या लागल्या होत्या! आणि अर्धा ढीग जळून गेला होता.

काठीने ढीग विस्कटायला लागलो तशा वहिनी म्हणाल्या, "अहो, जित्या अळ्या परत माडांवर जातील ना."

तेही खरंच होतं. मग दोघं निवडत बसलो. वळवळणारी अळी आगीत. लुळी किंवा कोष दिसला की ती पाती टोपलीत. वहिनींची नजर माझ्यापेक्षा बरी. एका पातीवर मी फुंकर मारली, धूरही थेट तिकडेच येत होता, पण मादी अळीपासून हलली नाही.

टोपली माडाला टांगली, मुंग्या उतरू नयेत म्हणून दोरीला ग्रीस फासलं. जळालेल्या अर्ध्यात माश्या जास्त होत्या की अळ्या, हा हिशेब मी रोज मांडतो आणि रोज वेगळा येतो.

ऑफिसात तसल्या पत्रकांचा गठ्ठा उरलाय. जेवणाच्या सुट्टीत मी पेन घेऊन बसतो आणि एकाचे दोन, दोनाचे एक करतो.