अंदाजपंचे

गुंड्या बोक्याचं वजन ६ किलो ८०० ग्रॅम भरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "केसांमुळे तसा दिसतो हो तो." काट्याला केस दिसत नाहीत, हे डॉक्टर मॅडमनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी मला तळहात पालथा धरायला लावला. बोटांच्या मागे हाडं जशी सहज लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात म्हणे. मी गुंड्याच्या कुशीत बोटं घातली. गादी लागली. शेपटीच्या वर कोंडा धरला होता. पोट आडवं येत असल्याने तिथवर त्याची जीभच पोचत नव्हती. आम्ही समजत होतो, आळशी झालाय.

"रोज किती घालता?"

मी म्हटलं, वाटीभर. नवरा म्हणाला, मूठभर. लेक गप्प. आई म्हणाल्या, "मी काही देत नाही." मग जरा थांबून, "मांदेलीची डोकी सोडून."

आमटीत मीठ पडतं त्याच अंदाजाने त्याच्या ताटलीत दाणे पडत होते. त्यात नसबंदी झालेली. त्यानंतर भूक वाढते आणि गरज घटते. चार किलोच्या, घरातच लोळणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात आणि कोरडे दाणे १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात जातात. घरी येऊन वाटी मोजली: ७० ग्रॅम. मूठ धरून शंभर. मांदेली वेगळी.

आईंनी उपाय दवाखान्यातच काढला होता. "सोमवार धरायला लावू त्याला."

मॅडम पहिल्यांदाच गंभीर झाल्या. "आजी, मांजराला उपास नाही हं." लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर अंगातली चरबी यकृतात साचून जिवावर बेततं. आठवड्याला वजनाचा एक टक्का उतरला तरी पुष्कळ. गुंड्याचे ६८ ग्रॅम, म्हणजे अंड्याएवढे. पाच वर्षांत चढवलेलं अंडं-अंडं करून उतरवायचं!

आता भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी गुंड्याचा हिशेब असतो. ज्याने घातलं त्याने लिहायचं. रविवारच्या चौकटीत आईंचं अक्षर आहे: 'मांदेली, डोकं १. लहान होतं.' खाली लेकीने लाल पेनाने विचारलंय, 'किती ग्रॅम?'

उत्तर अजून आलेलं नाही.