ओवाओवी

सायकलच्या गिअरची केबल सांगून तुटते, पण आपण ऐकत नाही. गेला आठवडाभर मागचे गिअर आळसावले होते. एकदा दाबलं की पडायचा नाही, दोनदा दाबलं की दोन पडायचे. मी त्याला धूळ म्हणालो, मग साखळीवर खापर फोडलं, आणि शेवटी ऐन चढावर उजवा दांडा दाबला तर हाताला काही लागेचना. नुसता पोकळ खटका. डिरेलरच्या, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्राच्या, स्प्रिंगनं साखळी ओढून सगळ्यात छोट्या चक्रावर नेऊन टाकली आणि तिथून घरापर्यंत तो एकच जड गिअर. मांड्यांनी वाटेत मला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात सगळे आडवे झालेले असताना, मी शिफ्टरचं, म्हणजे गिअरच्या दांड्याचं, रबर मागे सोललं. भिजलेला मोजा काढावा तसं ते निघतं, म्हणजे निघत नाही. आत केबलची गुंडी रुतून बसली होती आणि तुटलेल्या तारांची केरसुणी तिला फुटलेली. केबल नेमकी तिथंच तुटते. बाहेर ऊन, पाऊस, चिखल खाऊन ती ठणठणीत राहते आणि आत, जिथं कुणी बघत नाही तिथं, एका इवल्याशा चाकाभोवती वळून वळून झिजते. 1.2 मिलिमीटरची केबल, 19 बारीक तारांचा पीळ. त्यातल्या पाचसहा गेल्या तरी बाहेर कळत नाही. कळतं ते आळसावलेल्या गिअरवरून. पण ते झालंच सांगून.

चिमट्यानं एकेक तार उपटायला पाऊण तास लागला. गुंडी बाहेर पडली ती टुणकन उडून कपाटाखाली गेली. तिथंच असू दे म्हटलं.

मग खरं काम. नवी केबल ओवायची.

लोक 'केबल टाकली' म्हणतात, 'बसवली' म्हणतात. मला हे शब्द पटत नाहीत. टाकतो तो कचरा. ही ओवायचीच गोष्ट आहे. दांडा आधी खटखट दाबून सगळ्यात छोट्या चक्राच्या जागेवर आणायचा, तेव्हाच आतलं भोक बाहेरच्या भोकासमोर येतं. पहिल्या खेपेला मला हे माहीत नव्हतं. बंद दारावर डोकं आपटावं तसा मी अर्धा तास केबल आत ढोसत होतो, आणि तिचं टोक विसकटून एका तारेनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. एक तार अशी वळली की ती केबल त्या भोकातून जन्मात जात नाही. मग टोक छाटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

टोक विसकटलं की आजी दोरा दातानं तोडायची. पुन्हा ओठात ओला करायची, दोन बोटांत पीळ द्यायची आणि सुईसकट माझ्या हातात ठेवायची. दुपारची वेळ, खिडकीपाशी ती, मांडीवर उसवलेलं काहीतरी. "डोळ्यांना दिसत नाही रे बाळा, एवढं ओवून दे." मी झोपेचं सोंग घेतलं तरी ती हाक मारायची. तिचा एकच नियम होता. दोरा हलवायचा नाही, सुई हलवायची. दोरा दोन बोटांत अगदी टोकाशी धरायचा, टोक जेमतेम दिसेल इतकं, आणि सुईचं भोक त्याच्यावर आणायचं. मी ओवला की ती सुई उजेडाकडे धरून बघायची आणि म्हणायची, "तुझे डोळे चांगले आहेत." यात माझं कर्तृत्व काय ते मला कळायचं नाही, पण मी दिवसभर चांगल्या डोळ्यांनी हिंडायचो.

एका दुपारी मला खरंच झोप लागली होती. जाग आली तेव्हा आजी शिवत होती. दोरा संपला. तिनं रिळावरून नवा तोडला, ओला केला, आणि सुईकडे धड न बघता पहिल्याच फटक्यात ओवला. मी पुन्हा डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं हाक आली, "उठलास का रे? एवढं ओवून दे." मी उठलो आणि दिलं ओवून. पुढंही देत राहिलो.

असो. केबल.

आजीचा नियम इथं उलटा चालतो; शिफ्टर काही हलत नाही, केबललाच हलायला लागतं. ती डोळ्यांनी जातही नाही. टोक आत गेलं की पुढचं सगळं बोटांना कळतं. अडलं की ढकलायचं नाही, किंचित मागे घ्यायची, पाव वेढा फिरवायची, पुन्हा सोडायची. पूर्वी हे दुखणं नव्हतं. गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर उघडेच असत, केबल वरून टाकली की खाली आली. 1990 मध्ये शिमानोनं ब्रेक आणि गिअर एकाच दांड्यात आणले, हँडलवरून हात न काढता गिअर पडायला लागला आणि सगळी यंत्रं त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसली. 2009 मध्ये शिमानोचे विजेवर चालणारे गिअरही आले, त्यांना ओढायची केबलच नाही. ते चार्ज करायचे. मला अजून एक वस्तू चार्ज करायची नाही, एवढंच माझं त्या विषयावरचं मत.

वाकलेल्या नळीतून सरळ ओढ पोचवणाऱ्या या केबलचं पेटंट अर्नेस्ट बाउडेन यांनी 1896 मध्ये घेतलं. मला राहून राहून वाटतं, त्यांच्याही घरी कुणीतरी सुई ओवायला हाक मारणारं असणार.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला टोक पलीकडून बाहेर आलं. चमकदार, न विसकटलेलं. त्या क्षणी कोणाला तरी दाखवावंसं वाटतं आणि दाखवण्यासारखं तर काहीच नसतं.

आउटर, म्हणजे केबलवरची बाहेरची नळी, कापलं. गिअरचं चार मिलिमीटरचं, तारा लांबीत उभ्या असलेलं. ब्रेकचं पाच मिलिमीटरचं, स्प्रिंगसारखं वेटोळ्यांचं. ब्रेकचं गिअरला लावलं तर ते दाबलं जातं आणि गिअर अंदाजपंचे पडतात. गिअरचं ब्रेकला मात्र कधीच लावायचं नाही, जोरात ब्रेक दाबला तर ते फुटू शकतं. कापताना आतली नळी चेपते, ती मी दाभणानं मोकळी करतो. दाभण आजीच्या डब्यातला आहे. डब्यातलं बाकी सगळं कोणी कोणी नेलं, त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

एवढ्यात भाची उठून आली. केस पिंजारलेले, गालावर उशीची सुरकुती. माझ्या हातातल्या केबलकडे आणि आउटरच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मामा, मी ओवू?"

"नको गं," मी म्हटलं, "अवघड असतं ते. टोक विसकटेल."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग कपाटाखाली वाकून तिनं ती गुंडी बाहेर काढली, तळहातावर घेऊन बघितली आणि घेऊन गेली.

मी केबल आउटरमधून ओवली, डिरेलरला आवळली, दोनतीनदा करकचून ओढून सगळे जोड बसवले, पुन्हा आवळली. टोकाला टोपी चेपली. आता गिअर पडतात. एक चौथं चक्र सोडून. तिथं साखळी अजून टिकटिकते. बॅरल, म्हणजे केबलचा ताण जुळवायचा स्क्रू, पाव वेढा बाहेर घ्यायला हवा, किंवा आत. उद्या बघू.