पहिल्या घराला किती बोली लावायची?

आज जुळे सोलापुरात मित्रासोबत रीसेल फ्लॅट पाहिला. मालक ३२ लाख म्हणतोय, तेही १००० चौरस फूट बिल्टअपवर (भिंती वगैरे धरून). कार्पेट (भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) मोजला तर ७०० भरतो. बोली नेहमी कार्पेटवरच लावा.

त्याच बिल्डिंगमधले अलीकडचे व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्च या ऑनलाइन सेवेवर सूची २ (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) मध्ये दिसतात. दलालाच्या तोंडच्या भावापेक्षा मला तेच पटतात. समजा तिथे कार्पेटला फुटाला ४००० रुपये भाव निघाला, तर ७०० फुटांचे २८ लाख ही कमाल. सुरुवात २६ पासून करा.

आता खिसा बघा. २८ लाखांवर ६ टक्के मुद्रांक शुल्क १,६८,००० (खरेदी बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर १ टक्का कमी), नोंदणी २८,०००. बँक जास्तीत जास्त ९० टक्के देते, तेही तिच्या व्हॅल्युएशनवर (बँकेने स्वतः ठरवलेल्या घराच्या किमतीवर). ते कमी आलं की फरक तुमच्याच अंगावर. म्हणजे उरलेले १० टक्के आणि हे दोन्ही खर्च मिळून हातात किमान पावणेपाच लाख हवेत.

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे टाकी लहान किंवा बोअर आटलेला असेल तर भाव नक्की पाडा. टोकन (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) चेकनेच द्या आणि कर्ज नाकारलं किंवा टायटलमध्ये (मालकी हक्कात) खोट निघाली तर पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्या.