लाडावलेला खोंड

जनावरांच्या क्षयाच्या चाचणीत डॉक्टरला दोनदा जावं लागतं. आधी मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून बनवलेलं द्रव्य, टोचायचं, मग ७२ तासांनी परत येऊन त्या जागची कातडी चिमटीत धरायची आणि कॅलिपरने तिची जाडी मोजायची. वाढ ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर जनावर बाधित धरतात. एखाद्या मिलिमीटरवर निकाल फिरतो, म्हणून मोजताना मान हलता कामा नये. खरं तर ज्याने टोचलं त्यानेच मोजावं, पण टोचणारा सहकारी तापाने आडवा पडला आणि दुसरी फेरी माझ्याकडे आली.

जनावरं म्हणजे मोकळ्या कुरणावर वाढलेल्या कालवडी. माणसाचा हात त्यांना फारसा माहीत नव्हता, आणि जो माहीत झाला तो टोचण्याच्या दिवशी. त्या दिवशी काठ्या होत्या, आरडाओरडा होता, कुत्रीही सोडली होती म्हणे. काम उरकलं होतं. फक्त कालवडी ते विसरल्या नव्हत्या. मी फाटकातून आत पाय ठेवला तेव्हा कळप पार पलीकडच्या टोकाला चरत होता; तेवढ्या लांबूनही एकेक मान वर झाली आणि कान आमच्याकडे वळले.

फार्मचा मॅनेजर मोठ्या उत्साहाने परिस्थिती समजावत होता. त्याची एक लकब होती: बोलता बोलता तो समोरच्याच्या अगदी अंगाशी येई. मी अर्धं पाऊल मागे घेतलं की तो अर्धं पाऊल पुढे. फाटकापाशी सुरू झालेलं आमचं बोलणं संपलं तेव्हा माझी पाठ पाण्याच्या टाकीला लागली होती. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो सगळ्यांशी असाच बोलायचा. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसांमधली अंतरं मांडली होती. अगदी जिव्हाळ्याच्या माणसासाठी साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत, ओळखीच्यांसाठी त्यापुढे सव्वा मीटरपर्यंत, कामापुरत्या संबंधांसाठी साडेतीन मीटरपर्यंत आणि त्यापलीकडे सार्वजनिक. ही मापं त्याने त्याच्या आसपासच्या अमेरिकनांवरून काढली होती आणि ती सगळ्या जगाला लागू नाहीत, हे तो स्वतःच सांगत असे. २०१७ साली ४२ देशांतल्या जवळजवळ नऊ हजार लोकांना अनोळखी माणूस किती लांब असलेला बरा वाटतो असं विचारलं, तर रोमानियातल्या लोकांना सर्वांत जास्त अंतर हवं होतं आणि अर्जेंटिनातल्यांना सर्वांत कमी. मॅनेजरचं अंतर माझ्यापेक्षा कमी होतं, इतकाच काय तो मामला. पण टाकीला टेकून उभी असताना माझ्या डोक्यात आलं की हा माणूस कळपाकडेही असाच सरळ, नजर रोखून चालत जात असणार. गाईच्या लेखी तिच्याकडे टक लावून सरळ रेषेत येणारा प्राणी एकच: शिकारी.

हायनी हेडिगर हा स्विस माणूस बर्न, बाझेल आणि झुरिक इथल्या प्राणिसंग्रहालयांचा संचालक होता. जनावर माणसाला किती जवळ येऊ देतं, हे त्याने आयुष्यभर पाहिलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक प्राण्याभोवती एक पलायनाचं अंतर असतं. तेवढ्यात कोणी शिरलं की प्राणी निघून जातो. जायला वाट नसेल आणि समोरचा येतच राहिला, तर पुढे निकराचं अंतर लागतं, तिथे प्राणी उलटून अंगावर येतो. शिवाय एकाच जातीच्या प्राण्यांतही आपापसात अंतर असतं. पाणघोडे, डुकरं एकमेकांना खेटून पडतात. घोडे मध्ये जागा ठेवतात. माणसाळणं म्हणजे हेडिगरच्या हिशेबी दुसरं काही नाही, पलायनाचं अंतर शून्यावर येणं. हे वाक्य तेव्हा मला निव्वळ कौतुकाचं वाटत होतं. दुपारी ते वेगळ्या अर्थाने आठवायचं होतं.

फार्मवरच्या सगळ्या माणसांना बाहेर काढलं. काठ्या ठेवायला लावल्या. आत राहिलो मी आणि फार्मवरचा एक जुना कामगार, ज्याला कमी बोलायची सवय होती. मॅनेजरला थोडं वाईट वाटलं, पण त्यालाही काम दिलं: लांबच्या कोपऱ्यातल्या उघड्या फाटकात नुसतं उभं राहायचं. त्याच्या उभं राहण्यात एवढा दाब होता की कालवडी तिकडे फिरकणारच नव्हत्या. बंद फाटकाचं काम त्याने एकट्याने केलं, आणि फार चोख केलं.

हाकण्याचं गमक असं असतं. कळपाच्या पलायनाच्या अंतराच्या काठावर राहायचं. पाऊलभर आत शिरलं की जनावरं चालू लागतात. चालू लागली की आपण थांबायचं. तो दाब सुटणं हेच त्यांचं बक्षीस. सरळ त्यांच्या मागे जायचं नाही. गाईला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त बरोबर मागे एक आंधळा पट्टा असतो. त्यात शिरलं की ती वळून बघते आणि चालणं थांबतं. म्हणून तिरकं, नागमोडी चालायचं. एकटं जनावर पुढे न्यायचं असेल तर त्याच्या खांद्याकडे बघायचं. आपण खांद्याच्या पुढे असलो तर ते मागे सरतं, खांद्याच्या मागे गेलो तर पुढे निघतं. चिंचोळ्या वाटेत जनावराच्या तोंडाकडून शेपटीकडे नुसतं चालत गेलं तरी ते पुढे सरकतं. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला जादू वाटते. माझ्या जुन्या कामगाराला वाटली नाही. ‘‘आम्ही असंच करायचो,’’ एवढंच म्हणाला.

एक खोळंबा झाला. जनावर अडकवून धरायच्या खोड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी पहिली कालवड चारही पाय रोवून उभी राहिली. कठड्यावर कुणाचा तरी पिवळा रेनकोट लोंबत होता. तो काढला, ती गेली.

दुसरा खोळंबा मॅनेजरने घडवला. एक कालवड कळपातून फुटून कोपऱ्यात गेली आणि मदतीच्या भरात तो फाटक सोडून तिच्याकडे निघाला. दोन्हीकडे कुंपण, समोर माणूस. तिने मान खाली घातली. मी ओरडले नाही, ओरडून उपयोग नसतो. फक्त हाताने त्याला बाजूला सरायची खूण केली. तो एका बाजूला झाला आणि मोकळ्या झालेल्या त्या फटीतून ती गोळीसारखी निघून कळपात शिरली. ‘‘मारकी आहे,’’ तो म्हणाला. तशी ती नव्हती, पण तेव्हा वाद घालायला वेळ नव्हता.

दुपारपर्यंत बहुतेक कालवडी मोजून झाल्या. एकीच्या मानेवर गाठ चांगलीच फुगली होती. तिला वेगळं काढलं. शेवटचा गट वाटेत उभा होता आणि आम्ही जरा टेकलो. तेवढ्यात बाजूच्या आवारातून खोंड आला.

तो दोन वर्षांचा होत आला होता. जन्मताच आई गेली, म्हणून फार्मवरच्या एका तरुण कामगाराने त्याला बाटलीने वाढवलं होतं. तो राहायचा एकटाच, शेडमागच्या कोंडवाड्यात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याशी खेळायचा. लहानपणी तो डोक्याने ढुशा द्यायचा, हे लोक कपाळावर हात ठेवून त्याला मागे ढकलायचे. सगळ्यांचा लाडका. सकाळपासून तोच एक असा होता ज्याच्याभोवती कुठलंही अंतर नव्हतं. तो सरळ आमच्यात येऊन उभा राहिला. तरुण कामगार उठला आणि त्याचं कपाळ खाजवू लागला.

मग खोंडाने अंग फिरवलं आणि माझ्यासमोर आडवा झाला. पूर्ण कूस दाखवत, पाठ कमानीसारखी वर, मान खाली, डोळे बाहेर आल्यासारखे. अगदी संथपणे.

‘‘बघा मॅडम, ओळख करून घेतोय तुमच्याशी,’’ तो तरुण हसून म्हणाला.

वळू समोरच्या वळूला धमकावतो तेव्हा असाच आडवा उभा राहतो. आपण केवढे आहोत ते दाखवतो. माघार घेणारा वळू इथेच निघून जातो. न जाणाऱ्याशी झुंज होते. कालवडी आम्हाला शिकारी समजत होत्या. हा आम्हाला प्रतिस्पर्धी समजत होता. लहान गोऱ्हे एकत्र वाढतात तेव्हा एकमेकांशी झुंजून आपली जात कोणती, कुणापुढे झुकायचं हे शिकतात. जो एकटा माणसांतच वाढला, त्याच्या लेखी माणूसच त्याच्या जातीचा असतो, आणि वयात आला की तो जागेसाठी माणसाशीच भांडतो. हेरफर्ड जातीच्या, हाताने वाढवलेल्या वळूंवर १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही एकटे ठेवलेले वळू माणसांशी जास्त आक्रमक निघाले. हेडिगरनेही पाळलेल्या हरणांच्या नरांबद्दल हाच इशारा देऊन ठेवला आहे.

‘‘हात काढ,’’ मी हळू आवाजात म्हटलं. ‘‘पाठ फिरवू नकोस. पळू नकोस. तिरकं चालत कुंपणाकडे ये.’’

त्याला ते पटलं नाही. त्याने लाडाने खोंडाच्या नाकावर टिचकी मारली.

डोकं खाली गेलं ते दिसलं, पुढचं नीट दिसलं नाही. तरुण कठड्याला आपटला आणि खोंड कपाळाने त्याला तिथेच दाबत राहिला. शिंगं खुडलेली होती म्हणून निभावलं. त्या ठिकाणी कठड्यात माणूस आडवा होऊन निसटेल एवढी फट ठेवलेली असते, त्यातून जुन्या कामगाराने बाहेरून हात घालून त्याला ओढून काढलं. मॅनेजर धावत येत होता. त्याला या वेळी मी ओरडून थांबवलं. मग वाटेचं फाटक उघडून थांबलेल्या कालवडी बाहेर सोडल्या. त्या खोंडाच्या बाजूने गेल्या, त्याने मान वर केली, आणि काही घडलंच नाही अशा चालीने तो त्यांच्यामागे निघाला.

बरगडी मोडली नव्हती, मुका मार होता. तरीही त्याला दवाखान्यात पाठवायचं ठरलं. गाडी येईपर्यंत तो सावलीत बसला होता. थरथर थांबल्यावर म्हणाला, ‘‘मॅडम, मला त्याची भीतीच वाटत नाही हो. कधी वाटलीच नाही.’’

मला अमेरिकेतली एक रुग्ण आठवली. शोधनिबंधांत तिला एस. एम. म्हणतात. एका दुर्मीळ आजारामुळे तिच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीचा इशारा देणारा भाग, दोन्ही बाजूंनी निकामी झाला आहे. २००९ साली तिच्यावर एक साधी चाचणी झाली: समोरच्या माणसाकडे चालत जा, आणि आता बरं वाटतंय अशा अंतरावर थांब. इतर लोक सरासरी पाऊण मीटरवर थांबले. ती ३४ सेंटिमीटरवर थांबली. अनोळखी माणसाच्या नाकाला नाक भिडवून उभी राहिली तरी तिला अवघडल्यासारखं वाटलं नाही. दुसऱ्याला त्रास होऊ शकतो हे तिला बुद्धीने माहीत होतं. आतून इशारा मिळत नव्हता, इतकंच. त्या तरुणाच्या मेंदूत बिघाड नव्हता, हे उघड आहे. दोन वर्षांच्या सवयीने त्याचा तो इशारा बंद झाला होता. आणि खोंडाचाही.

खोंडाची मोजणी अजून राहिली होती, आणि ७२ तास काही थांबत नाहीत. गंमत अशी की सगळ्यांत अवघड तोच गेला. जो पळतच नाही त्याला हाकणार कसं? दाब दिला तर तो मागे सरकण्याऐवजी दाबावर चालून येणार. शेवटी जुन्या कामगाराने कठड्याबाहेरून खुराकाची बादली वाजवत त्याला खोड्यापर्यंत नेलं. गाठ नव्हती. जाडी जवळजवळ तेवढीच.

हात धुताना मी मॅनेजरला सांगितलं की हा खोंड माणसांत ठेवायचा नाही. तो म्हणाला, पण आजवर कधी असं केलं नव्हतं त्याने. मी म्हटलं, आजवर तो लहान होता. मग त्याने ‘‘कालवड मारकी निघाली असती तर समजलो असतो’’ असं काहीतरी पुटपुटत शेडमागे नेऊन मला अजून एक गोऱ्हं दाखवलं. महिन्याभराचं, एकटं, बाटलीवरचं. त्याने लगेच माझी बोटं चोखायला घेतली.

‘‘याला आजच वासरांच्या गटात सोडा,’’ मी म्हटलं. ‘‘आणि पैदाशीसाठी ठेवायचा नसेल तर खच्चीकरण लवकर उरका. कपाळाला कुणी हात लावायचा नाही.’’

‘‘मग याला दूध कोण पाजणार?’’

तरुण कामगार गाडीत बसता बसता थांबून ऐकत होता. मी म्हटलं, ‘‘हाच पाजेल. पण बाटली कठड्याच्या बाहेरून धरायची, बाकीच्या वासरांच्या रांगेतच. आणि पिऊन झालं की निघून यायचं.’’