जुन्या गाडीच्या चार तक्रारी आणि अर्थिंगची एक पट्टी

गाडी वीस वर्षांहून जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी होती आणि मालकांनी ती पहिल्यापासून स्वतःच चालवलेली होती. मालक सेवानिवृत्त गृहस्थ, बोलणे मोजके, आणि हातात एक वही. गाडीवर झालेल्या प्रत्येक कामाची तारीख, त्या वेळचे किलोमीटर आणि बदललेला भाग, हे सारे त्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. अशी वही घेऊन येणारा ग्राहक आमच्या गाडीदुरुस्तीच्या कामात क्वचित भेटतो, म्हणून बॉनेट उघडण्याआधी मी ती वहीच वाचायला घेतली.

तक्रारी चार होत्या. सकाळी सेल्फ मारला की मोटर जड फिरते आणि बॅटरी नवी असूनही काही आठवड्यांत उतरते. रात्री हेडलाइट पिवळट, मंद पडतात. हेडलाइट लावले की इंजिनच्या तापमानाचा काटा चढू लागतो आणि दिवसा मात्र जागेवर राहतो. चौथी तक्रार म्हणजे एक्सिलरेटरची केबल पुन्हा पुन्हा जड होते. पाय काढला तरी पेडल पूर्ण वर येत नाही. या चौथ्या तक्रारीने मालक खरोखर घाबरले होते आणि ते रास्तच होते, कारण पेडल अडकणारी गाडी रस्त्यावर नेणे योग्य नाही.

वहीनुसार प्रत्येक तक्रारीवर उपाय झालेला होता. बॅटरी बदलली होती, सेल्फ मोटर उघडून तिचे कार्बन ब्रश बदलले होते, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नवा बसवला होता, रेडिएटर धुऊन घेतला होता आणि एक्सिलरेटरची केबल तर एकदा बदलून पुन्हा बदललेली होती. यांतले कोणतेही काम वाईट केलेले नव्हते. अडचण एवढीच होती, की ते वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी, एकेका तक्रारीपुरते झालेले होते. जुनी गाडी म्हटली की चार दुखणी असायचीच, असे गृहीत धरले जाते आणि मग ती चार दुखणी एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे कोणाला सुचत नाही. मी वहीची पाने मागे उलटत गेलो तेव्हा या चारही तक्रारींच्या आधीची मोठी नोंद एकच निघाली, ती म्हणजे क्लच प्लेट बदलल्याची. त्या कामासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तिथेच माझा संशय बळावला, पण संशयावर पाना चालवायचा नसतो. आधी मोजमाप करायचे असते.

सुरुवात बॅटरीपासून केली. गाडी बंद असताना तिच्या टोकांवर १२.२ व्होल्ट भरले. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे ही सुमारे निम्मीच भरलेली होती. इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलकडे जाणारा कमी दाबाचा वायर-सॉकेट काढून ठेवला आणि माझ्या मदतनिसाला सेल्फ मारायला सांगितले. मोटर कण्हत फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर १०.६ व्होल्ट होते. हा आकडा चांगला आहे. बॅटरी खराब असती तर तो ९.६ च्याही खाली घसरला असता. पण त्याच वेळी सेल्फ मोटरच्या टर्मिनलपासून तिच्या अंगापर्यंत मोजले तर मोटरला प्रत्यक्षात मिळत होते ७.२ व्होल्ट. उरलेले ३.४ व्होल्ट वाटेतच गडप होत होते. जाणारी वाट म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरपर्यंतची जाड केबल तपासली, तर तिथे फक्त ०.३ व्होल्टची घट होती. मग मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर टेकवून पुन्हा सेल्फ मारला. मीटरने ३.१ दाखवले. या जागी एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त घट असता कामा नये.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण आधी हा दोष का सापडला नाही याचे उत्तर तिच्यात आहे. बहुतेक गाड्यांत बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, सायलेन्सर रबरी कड्यांत टांगलेला असतो आणि पाण्याचे पाइपही रबराचेच असतात. म्हणजे विजेच्या दृष्टीने इंजिन बॉडीपासून अलग असते आणि त्यांना जोडण्यासाठी तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी लावलेली असते. हीच अर्थिंगची पट्टी. सेल्फ मोटर घेत असलेला सगळा प्रवाह याच पट्टीतून परत येतो. ही पट्टी गाडी बंद ठेवून मीटरच्या बीपवर तपासली, तर ती हमखास चांगली दिसते, कारण बीपसाठी मीटर अगदी क्षुल्लक प्रवाह सोडतो आणि त्याला दोन-चार तारा शाबूत असल्या तरी पुरतात. शंभराहून अधिक अँपिअर वाहू लागले की खरी परीक्षा होते. त्या दिवशी क्लॅम्प मीटरवर, म्हणजे वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर, सुमारे १२० अँपिअर दिसत होते. त्या हिशेबाने परतीच्या वाटेतला रोध एका ओहमच्या जेमतेम चाळिसाव्या भागाएवढा होता. हा रोध साध्या मीटरवर विश्वासाने मोजता येत नाही, पण तेवढ्याने गाडी आजारी पडते. म्हणून अर्थिंगची तपासणी नेहमी भार टाकूनच करावी, असे मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आग्रहाने सांगतो.

आता प्रश्न असा, की पट्टी जवळपास तुटलेली असताना १२० अँपिअर परत येत तरी कुठून होते? मी एक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला आणि मदतनिसाला पुन्हा सेल्फ मारायला सांगितले. काही क्षणांतच केबलचे बाहेरचे आवरण इतके तापले की हात काढून घ्यावा लागला. नीट पाहिले तर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि गाडीची आतली जागा यांच्यामधल्या पत्र्यातून, केबल जिथे बाहेर येते तिथे आवरणाचा काळा थर फुगून चकाकत होता. बांध घातलेले पाणी आडवाटेने जाते, तसा मूळ वाट बंद झालेला प्रवाह एक्सिलरेटर आणि क्लच यांच्या केबलींच्या पोलादी आवरणातून बॉडीकडे जात होता. ३.१ व्होल्ट आणि १२० अँपिअर यांचा गुणाकार केला तर साडेतीनशे वॅटहून अधिक उष्णता होते आणि तिचा मोठा वाटा या दोन केबलींत निर्माण होत होता. या केबलीच्या आत नायलॉनचे अस्तर असते. ते प्रत्येक सकाळी थोडे थोडे मऊ होऊन आतल्या तारेला चिकटत होते. नवी केबलही काही दिवसांत जड का होते, हे कोडे तिथे सुटले. ती केबल खराब प्रतीची नव्हती. तिच्यावर तिचे नसलेले काम येऊन पडले होते.

मालक शेजारीच उभे होते. मी त्यांना म्हणालो, “काका, तुम्ही स्टिअरिंगवर बसा, इंजिन चालू करा, हेडलाइट लावा आणि फक्त तापमानाच्या काट्याकडे बघत राहा.” कॉइलचे सॉकेट परत बसवून इंजिन चालू केले. इंजिन गरम झाले तसा काटा लाल पट्ट्याजवळ जाऊन टेकला. इन्फ्रारेड तापमापकाने थर्मोस्टॅटच्या घरावर नेम धरला तर तिथे ८८ अंश सेल्सिअस होते, म्हणजे इंजिन अगदी ठीक होते. मग मी जंपर केबलचे, म्हणजे टोकांना चिमटे असलेल्या जाड वायरीचे, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनवरच्या स्वच्छ धातूला लावले. त्याच क्षणी आतून आवाज आला, “अहो, काटा खाली आला! आणि दिवेही उजळले!” त्यांनी गाडीतून उतरून स्वतः ते चिमटे काढून आणि लावून पाहिले, आणि मला ते फार आवडले, कारण आपल्या गाडीत काय बिघडले होते हे मालकाने डोळ्यांनी पाहिलेले असले की पुढचे बोलणे सोपे होते.

काटा का चढत होता, याचेही कारण त्याच पट्टीत होते. अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करणारा भाग, इंजिनवर बसवलेला असतो. हेडलाइट लावले की त्याच्यातून जास्त प्रवाह निघतो आणि तो बॉडीमार्गे परत अल्टरनेटरकडे येताना त्याला ती खराब पट्टी ओलांडावी लागते. मोजले तेव्हा इंजिन बॉडीपेक्षा जवळपास ०.९ व्होल्टने खाली होते. तापमानाचा सेन्सर एका वायरचा, त्याची अर्थिंग इंजिनमधून. त्यामुळे त्याच्यातून वाजवीपेक्षा जास्त प्रवाह जाई आणि डॅशबोर्डवरच्या काट्याला तो जास्त तापल्याचा इशारा वाटे. अल्टरनेटर आपल्यापरीने १४.२ व्होल्ट देत होता, पण हेडलाइट चालू असताना बॅटरीपर्यंत १३.१ पोचत होते. म्हणून बॅटरी कधी पुरी भरत नव्हती, म्हणून दिवे मंद होते आणि म्हणून सकाळी सेल्फ जड होता.

गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून मी पट्टी पाहिली. बॉडीकडचे टोक ठीक होते. गिअरबॉक्सकडे मात्र पट्टी पीळ देऊन बसवलेली होती, तिच्या बहुतेक तारा लगच्या (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या टोकाच्या) मुळाशी तुटलेल्या आणि उरलेल्या हिरव्या पडून तेलात भिजलेल्या होत्या. गिअरबॉक्स परत चढवताना बोल्ट आवळताना पट्टी सोबत फिरली असावी आणि इंजिनच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर एकेक तार तुटत गेली असावी.

जुन्या गाडीचे मोठेपण मला अशा वेळी जाणवते. बॉनेटखाली हात जायला जागा असते, वायर कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी दिसते, आणि दोष सापडल्यावर दुरुस्तीला संगणक लागत नाही. पट्टी काढायला दोन बोल्ट. दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, नवी, थोडी जाड पट्टी मोकळा झोल ठेवून बसवली, दातेरी वॉशर घातले आणि वरून गंज धरू नये म्हणून पेट्रोलियम जेलीचा लेप दिला. धातू घासून घेणे विसरू नये. रंगावर आवळलेला बोल्ट कितीही घट्ट असला तरी अर्थिंग देत नाही. एक्सिलरेटर आणि क्लच दोन्हींच्या केबली बदलल्या, कारण क्लचची केबल आज चालत असली तरी तीही तापून निघालेली होती. हे सगळे सामान मिळून नव्या बॅटरीच्या निम्म्या खर्चातही आले नाही.

त्याच निम्म्या भरलेल्या बॅटरीवर पुन्हा सेल्फ मारला. मोटर झपझप फिरली. परतीच्या वाटेतली घट ०.१ व्होल्ट आणि मोटरला मिळणारे व्होल्ट ९.७. मदतनिसाच्या लक्षात एक विसंगती आली: बॅटरीच्या टोकांवर आता १०.२ व्होल्ट दिसत होते, आधीच्या १०.६ पेक्षा कमी. त्याची शंका अगदी योग्य होती. आधी वाट अडलेली असल्याने मोटरला हवा तेवढा प्रवाह घेताच येत नव्हता, म्हणून बॅटरीवर ताणही कमी होता. आता मोटर पूर्ण प्रवाह घेत होती. एकटा आकडा चांगला किंवा वाईट ठरत नाही, तो दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

गाडी जॅकवर होतीच, म्हणून बाकीचेही पाहून घेतले. या वयाच्या गाडीत लोखंडापेक्षा रबर आधी दगा देते. पेट्रोलचा रबरी पाइप क्लॅम्पजवळ किंचित वाकवला तर बारीक भेगा उघडल्या. अजून गळत नव्हता, पण गरम इंजिनच्या इतक्या जवळचा पाइप गळण्याची वाट पाहायची नसते. तो त्याच दिवशी बदलला. ब्रेक ऑइल चहासारखे काळपट झाले होते आणि ते बदलल्याची नोंद बऱ्याच वर्षांत नव्हती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तर ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि लांबच्या उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये तेल उकळले की पेडल पोकळ होऊन खाली जाते. दोन वर्षांनी ते बदलत जावे असे मी सुचवले. टायरची नक्षी भरपूर होती, पण बाजूच्या चार आकडी शिक्क्यावरून, ज्यात पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, टायर दहा वर्षांपलीकडचे निघाले. कमी चालणाऱ्या गाडीत ही गोष्ट हटकून दुर्लक्षित राहते.

राहिला टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा. वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली, तरी तो कधी बदलल्याची नोंद सापडली नाही. किलोमीटर फार झालेले नव्हते, पण बेल्ट रबराचा असतो आणि त्याला वयही लागू होते. काही इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावे लागते. या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच झाकणामागे, त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे दोन्ही एकदमच बदलले तर मजुरी एकदाच लागते. मालकांनी विचारले, “तोपर्यंत गाडी चालवू का?” मी त्यांना जवळच्या जवळ, गरजेपुरतीच चालवायला सांगितले आणि बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि पंप यांची मागणी त्याच संध्याकाळी नोंदवली.