जुन्या गेमची धून दुसऱ्या चिपवर बसवताना

मिडी फाइल (कुठला स्वर कधी नि किती जोरात वाजवायचा याच्या सूचनांची फाइल) कन्व्हर्टरमध्ये टाकली, पलीकडून ओपीएल किंवा एवाय या जुन्या ध्वनिचिपची फाइल बाहेर पडली, वाजवून पाहिली आणि ऐकवेना. अशा वेळी दोष बहुतेकदा कन्व्हर्टरचा नसतो. मूळ धून एका वेळी २४ आवाज काढणाऱ्या मॉड्युलसाठी, म्हणजे मिडी वाजवणाऱ्या वेगळ्या यंत्रासाठी, लिहिलेली असते आणि पुढ्यातल्या चिपला आवाज असतात नऊ किंवा तीनच. त्यामुळे कुठले आवाज सोडायचे हे कुणाला तरी ठरवावंच लागतं. तुम्ही ठरवलं नाही तर कन्व्हर्टर ठरवतो, आणि चाल कुठली नि भरणा कुठला हे त्याला कळत नाही.

ही अडचण जुन्या गेमवाल्यांनाही होतीच. १९८८च्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’मध्ये तेच संगीत रोलँडचं एमटी-३२ मॉड्युल, अ‍ॅडलिब साउंड कार्ड आणि कॉम्प्युटरमधला पीसी स्पीकर अशा तिन्हींवर वाजायचं. हा गेम काढणाऱ्या सिएरा कंपनीच्या त्या काळातल्या साउंड फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलपुढे, हा चॅनेल कुठल्या उपकरणावर वाजवायचा, हे सांगणारे बिट (चालू-बंदच्या खुणा) असत. म्हणजे काय गाळायचं ते आधीच ठरवून फाइलमध्ये लिहून ठेवलेलं. आपणही तिथूनच सुरुवात करायची.

आधी मिडीचे ट्रॅक सुटे करून प्रत्येकाचं काम लिहून काढा: चाल, बेस, कॉर्ड, चालीला जाब देणारी दुसरी ओळ, ताल. मग एका वेळी जास्तीत जास्त किती नोट चालू असतात ते मोजा. इथे सस्टेन पेडल, म्हणजे कंट्रोलर ६४, फसवतं. कागदावर तीन नोटांचा कॉर्ड दिसतो, पण पेडल दाबलेलं असल्यामुळे मागच्या दोन कॉर्डांचे स्वरही चालूच असतात. पेडलचे मेसेज काढून टाका आणि नोटांची लांबी हाताने वाढवा. एकमेकांवर चढलेल्या एकाच स्वराच्या नोटाही इथेच तोडून घ्या, नाहीतर पुढे नोट-ऑफ (नोट थांबवण्याचा मेसेज) चुकीच्या नोटेला लागतो. पिच बेंडचा, म्हणजे स्वर वर-खाली सरकवण्याचा, पल्लाही बघून ठेवा. एमटी-३२वर तो मुळात १२ अर्धस्वरांचा असतो, जनरल मिडी या नंतरच्या सामाईक मानकात २. एकीकडची फाइल दुसरीकडे तशीच वाजवली की गिटारची हलकी मींड सायरनसारखी वर जाते, किंवा अजिबात जाणवत नाही.

अ‍ॅडलिबची चिप म्हणजे यामाहाची वायएम३८१२, उर्फ ओपीएल२. तिच्यात नऊ चॅनेल आणि प्रत्येकाला दोन ऑपरेटर, म्हणजे लहर तयार करणारे भाग: कॅरिअर ऐकू येतो आणि मॉड्युलेटर त्याच्या लहरीला आकार देतो. तालाचा मोड चालू केला तर सहा चॅनेल सुरांना उरतात आणि पाच तालवाद्यं मिळतात. हा मोड फुकटात पाच वाद्यं देतो असं वाटतं खरं, पण स्नेअर आणि हाय-हॅट आठव्या चॅनेलची फ्रिक्वेन्सी वाटून घेतात, टॉम आणि सिंबल नवव्याची. टॉम खाली उतरवत नेला की सिंबलचा रंगही बदलतो. ठेका साधा असेल तर चालून जातं. ठेका हाच धुनीचा जीव असेल तर मी तालाचा मोड बंद ठेवीन आणि दोन साधे चॅनेल ढोलाला देईन.

चिपचं क्लॉक ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ. त्याला ७२ने भागलं की नमुन्यांचा दर निघतो, सेकंदाला ४९,७१६. ४४० हर्ट्झच्या स्वरासाठी ब्लॉक (सप्तकाचा आकडा) ४ घेतला तर ४४० गुणिले ६५,५३६ भागिले ४९,७१६, म्हणजे एफ-नंबर (स्वरासाठी चिपला द्यायचा आकडा) ५८०. हे गणित एकदा हाताने करून पाहावं. पुढे सूर हलला तर चूक या आकड्यांच्या टेबलात आहे की इन्स्ट्रुमेंटच्या मल्टिपल (फ्रिक्वेन्सीची पट) सेटिंगमध्ये, हे लगेच कळतं.

बेससाठी एक सुरुवातीची मांडणी देतो. दोन्ही ऑपरेटरचा मल्टिपल १, मॉड्युलेटरची टोटल लेव्हल (पातळी) २०च्या आसपास, फीडबॅक (मॉड्युलेटरची लहर त्याच्यातच परत सोडणं) ४ किंवा ५, दोन्हींचा अटॅक (आवाज चढण्याचा वेग) १५, डिके (शिखरावरून उतरण्याचा वेग) ४-५. आवाज बोथट वाटला तर मॉड्युलेटरची लेव्हल आकड्याने कमी करा. या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या सेटिंगच्या खणात, ० म्हणजे पूर्ण आवाज आणि ६३ म्हणजे जवळपास शांतता. सस्टेन लेव्हलचंही (नोट धरून ठेवल्यावर टिकणाऱ्या पातळीचंही) तसंच उलटं: ० सर्वांत मोठी, १५ सर्वांत लहान. स्ट्रिंगसारखा लांब आवाज नोट दाबलेली असतानाच विरून जात असेल, तर २० हेक्सपासूनच्या (हेक्स म्हणजे सोळाच्या पायाचे आकडे) रजिस्टरमधला बिट ५ चालू करायचा राहिलेला असतो. तो बंद असेल तर एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराचा आराखडा) सस्टेनवर थांबत नाही, सरळ रिलीजमध्ये, म्हणजे विरण्याच्या टप्प्यात, उतरतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्हॉल्यूममध्ये. टोटल लेव्हलची एक पायरी ०.७५ डेसिबलची, म्हणजे मोजपट्टी लॉगरिदमिक. मिडीची व्हेलॉसिटी (नोट किती जोरात वाजवली तो आकडा) १२७वरून ६४वर आली तर साध्या प्रमाणात ६ डेसिबल कमी व्हायला हवेत, म्हणजे ८ पायऱ्या. वर्गाचा नियम धरला तर १२ डेसिबल, १६ पायऱ्या. बरेच कन्व्हर्टर ६३मधून सरळ निम्मे वजा करतात. तसं केलं की आवाज २० डेसिबलहून जास्त पडतो आणि हळू वाजवलेले सूर गायबच होतात. शिवाय, एफएम जोडणीत, म्हणजे एक ऑपरेटर दुसऱ्याला आकार देत असताना, फक्त कॅरिअरची लेव्हल बदलायची. मॉड्युलेटरला हात लावला की मोठेपणाऐवजी आवाजाचा रंग बदलतो. दोन्ही ऑपरेटर बेरजेच्या जोडणीत असतील तर मात्र दोघांनाही सारखंच खाली आणावं लागतं.

खऱ्या कार्डावर वेळेचं पथ्यही आहे. पोर्ट ३८८ हेक्सवर रजिस्टरचा पत्ता लिहिल्यावर ३.३ मायक्रोसेकंद आणि ३८९वर डेटा लिहिल्यावर २३ मायक्रोसेकंद थांबावं लागतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी स्टेटस पोर्ट अनुक्रमे ६ आणि ३५ वेळा वाचत. वेगवान मशीनवर हे रिकामे लूप पुरत नाहीत, मग काही नोटा वाजत नाहीत आणि काही अडकून बसतात. एम्युलेटरवर सगळं ठीक आणि कार्डावर गडबड असं दिसलं तर पहिला संशय यावर घ्या. ओपीएल३ या पुढच्या चिपला इतकं थांबावं लागत नाही. तिची अडचण वेगळी: नवा मोड चालू केला की सी० हेक्सपासूनच्या रजिस्टरमधले डाव्या-उजव्या बाजूचे बिट स्वतः चालू करावे लागतात. ते विसरलात तर सगळे आकडे बरोबर असूनही कार्ड चिडीचूप.

आता एमटी-३२. हे यंत्र १९८७चं, म्हणजे जनरल मिडीच्या आधीचं. इन्स्ट्रुमेंटचे क्रमांक वेगळे, आणि मुळात ते चॅनेल २ ते ९वर सूर आणि १०वर ताल ऐकतं. चाल चॅनेल १वर ठेवलेली असेल तर बाकी वाद्यवृंद वाजतो आणि चाल मात्र गायब. पॅनची दिशाही नंतरच्या मॉड्युलच्या तुलनेत उलटी आहे, त्यामुळे डावीकडचं वाद्य उजवीकडे जातं.

३२ हा आकडा पार्शलचा, म्हणजे आवाज जोडून बनवायच्या तुकड्यांचा आहे, नोटांचा नाही. एक आवाज १ ते ४ पार्शल खातो. चारवाल्या भरगच्च आवाजात तुम्हाला एकूण आठच नोटा मिळतात. कॉर्ड धरला की बेस तुटतो, तो याच कारणाने. उपाय पार्शल रिझर्व्हमध्ये आहे. सिस्टिम एरियात (यंत्राच्या मुख्य सेटिंगच्या जागेत) १० ०० ०४ या पत्त्यापासून नऊ बाइट, आठ सुरांच्या पार्टला आणि एक तालाला, सगळ्यांची बेरीज ३२च्या आत. बेसला आणि चालीला त्यांच्या आवाजाला लागतील तेवढे पार्शल राखून ठेवा, उरलेल्यांत बाकीच्यांनी भागवायचं.

स्वतःचा आवाज पाठवायचा तर एक टिंबर (एका आवाजाची पूर्ण मांडणी) २४६ बाइटचं असतं. हेडर, पत्ता, चेकसम (पडताळणीचा आकडा) आणि शेवटचा बाइट धरून मेसेज बरोबर २५६ बाइटचा होतो. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३,१२५ बाइट जातात, म्हणजे एका टिंबरला ८२ मिलिसेकंद. जुन्या आवृत्तीच्या एमटी-३२ला दोन मेसेजच्या मध्ये सुमारे ४० मिलिसेकंदांची उसंतही द्यावी लागते, नाहीतर बफर भरतो, पडद्यावर एरर येते आणि काही आवाज न भरताच धून सुरू होते. म्हणून सगळे टिंबर धून सुरू होण्याआधी, रिकाम्या मापात पाठवायचे. चेकसम काढायचं म्हणजे पत्ता आणि डेटाची बेरीज, तिला १२८ने भागून उरलेली बाकी १२८मधून वजा करायची. उत्तर १२८ आलं तर शून्य धरायचं.

एमटी-३२ची धून साउंड कॅनव्हास एससी-५५ या रोलँडच्या नंतरच्या मॉड्युलवर नेताना त्यातल्या एमटी-३२ मोडच्या भरवशावर राहू नका. तो मोड इन्स्ट्रुमेंटची क्रमवारी जुळवून देतो, पण गेमने पाठवलेले टिंबर त्याच्यात भरत नाहीत. दाराची करकर किंवा घंटेसाठी बनवलेल्या आवाजाच्या जागी मग भलतंच वाद्य वाजतं. असे आवाज शोधून प्रत्येकासाठी जवळचं वाद्य हाताने नेमावं लागतं.

तीन आवाजांच्या चिपवर खरी कसरत सुरू होते. एवाय-३-८९१०मध्ये तीन चौकोनी लहरी, एक नॉइज (बिनसुराचा खरखराट) आणि तिघांत मिळून एकच एन्व्हलप. इथली वाटणी जवळपास ठरलेलीच: एक चॅनेल चालीला, एक बेसला आणि तिसऱ्यावर कॉर्डचे तीन स्वर दर फ्रेमला (पडदा प्रत्येक वेळी ताजा होताना) बदलत. ५० हर्ट्झवर तीन स्वरांचं एक चक्कर ६० मिलिसेकंदांत पूर्ण होतं आणि कानाला कॉर्डचा भास होतो. ढोलासाठी बेसच्याच चॅनेलवर दोन-तीन फ्रेम नॉइज उसना घ्यायचा. ठोका बेसच्या नोटेच्या सुरुवातीवरच पडत असेल तर ही उसनवारी कुणाच्या लक्षातही येत नाही.

एवायचं क्लॉक यंत्रागणिक वेगळं असतं. ४४० हर्ट्झसाठी अटारी एसटीवर पीरियड (लहरीच्या लांबीचा आकडा) २८४, स्पेक्ट्रम १२८वर २५२, अ‍ॅम्स्ट्रॅड सीपीसीवर १४२. एसटीचे आकडे स्पेक्ट्रमवर तसेच वाजवले तर धून दोन अर्धस्वर उतरते. सीपीसीचं क्लॉक फक्त १ मेगाहर्ट्झ असल्याने वरच्या सप्तकात सूर ढळतो: ३,५२० हर्ट्झला जवळचा पीरियड १८, आणि त्याचा स्वर सुमारे २४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली. अशी चाल सरळ एक सप्तक खाली आणा. बेसूर उंचीपेक्षा ते बरं.

एन्व्हलपलाच बेस म्हणून वाजवायची युक्ती करणार असाल तर रजिस्टर १३ दर फ्रेमला लिहू नका. तोच आकडा पुन्हा लिहिला तरी एन्व्हलप पहिल्यापासून सुरू होतो आणि बेसमध्ये ५० हर्ट्झची खरखर मिसळते. आणि एमएसएक्स कॉम्प्युटरवर रजिस्टर ७ लिहिताना बिट ७ चालू आणि बिट ६ बंद राहिलाच पाहिजे. ते पोर्टची दिशा ठरवतात, तिथे चूक झाली तर हार्डवेअरला इजा पोचू शकते.

टँडी १००० आणि सेगा मास्टर सिस्टिममधल्या एसएन७६४८९ जातीच्या चिपला बेसच नाही म्हटलं तरी चालेल. पीरियड १० बिटचा, त्यामुळे ३.५८ मेगाहर्ट्झवर सगळ्यात खालचा स्वर १०९ हर्ट्झ. त्याखालचा बेस वरच्या सप्तकात उचला, किंवा तिसऱ्या चॅनेलला बांधलेला पीरियॉडिक नॉइज (ठरावीक अंतराने येणारा, म्हणून सुरासारखा ऐकू येणारा) वापरा. सेगाच्या चिपमध्ये तो तिसऱ्या चॅनेलच्या स्वराच्या सोळाव्या भागावर, म्हणजे बरोबर चार सप्तकं खाली वाजतो. टँडीत तो पंधराव्या भागावर वाजतो, म्हणून तिथे पीरियडचं टेबल वेगळं लागतं. या युक्तीची किंमत म्हणजे तिसरा चॅनेल आणि नॉइज दोन्ही बेसमध्येच खर्ची पडतात, ताल उरत नाही.

कमोडोर ६४मध्ये सिड या ध्वनिचिपची जुनी आवृत्ती काढून नवी बसवताना आधी व्होल्टेज बघा: जुन्या ६५८१ला १२ व्होल्ट, नव्या ८५८०ला ९. फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे, ४७० पिकोफॅरड आणि २२ नॅनोफॅरड. पाल (५० हर्ट्झच्या टीव्हीच्या) यंत्रासाठीची धून एनटीएससीवर (६० हर्ट्झच्या) सुमारे ६५ सेंट चढते आणि वेगही २० टक्के वाढतो, कारण प्लेअर ५०ऐवजी ६० वेळा चालतो. नोटेची सुरुवात मधूनच उशिरा लागत असेल तर ते एन्व्हलपच्या काउंटरचं जुनं दुखणं आहे. नवी नोट लावण्याआधी दोन फ्रेम गेट (नोट चालू-बंद करणारा बिट) बंद करून एडीएसआर (अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज) शून्यावर आणला की ते आटोक्यात येतं.

पीसी स्पीकरला आवाज एकच. १,१९३,१८२ला फ्रिक्वेन्सीने भागायचं, ४४०साठी २,७१२. बेसची पहिली नोट आणि चाल आलटून पालटून वाजवायची, पण मूळ टायमर सेकंदाला १८.२ वेळाच टिकटिकतो. त्या वेगाने अदलाबदल केली तर दोन सूर सुटे सुटेच ऐकू येतात. टायमर १४० हर्ट्झच्या आसपास नेला की मग जरा धागा जुळतो.

रेकॉर्डिंग करताना शिखर पूर्ण पातळीच्या ६ डेसिबल खाली ठेवा आणि कार्डाला लाइन आउटचा जंपर (बोर्डावरची काढघाल करायची छोटी जोडणी) असेल तर तोच वापरा, कारण आतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा सुसकारा नंतर निघत नाही. मॉड्युल आणि कॉम्प्युटर एकाच पट्टीवर लावूनही घुंघुं येत असेल तर मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. चिपच्या रजिस्टरमध्ये काय काय लिहिलं ते व्हीजीएम या प्रकारच्या फाइलमध्येही साठवून ठेवा. त्यात वेळ सेकंदाला ४४,१०० भागांत मोजतात, म्हणजे ६० हर्ट्झची फ्रेम ७३५ आणि ५०ची ८८२. कार्डावर काही बिघडलं तर तीच फाइल एम्युलेटरवर लावून बघा. तिथेही तसंच वाजलं तर चूक डेटात आहे. तिथे साफ वाजलं तर आधी लेखनामधल्या थांब्यांकडे आणि मग तारांकडे वळा.