चौथ्या एडिशनवरून जुंपली
आज गेम सुरू व्हायच्या आधीच दीड तास डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन डाइसवर खेळायचा गेम) नियमांच्या चौथ्या एडिशनवरून जुंपली, म्हणजे २००८ साली आलेल्या गोष्टीवरून लोक अजून तावातावाने भांडतात हेच भारी आहे. एक म्हणे जादूगार काय नि तलवारवाला काय, सगळ्यांच्या पॉवर्स एकाच साच्यातल्या, वर साध्या मारामारीला तासभर, हा तर व्हिडिओ गेम झाला. दुसरा म्हणे अरे आधीच्या ३.५ एडिशनमध्ये लेव्हल वाढली की विझार्ड म्हणजे जादूगारच सगळं उरकतो आणि तलवारवाल्या फायटरने नुसते वेफर्स खात बसायचं, इथे निदान दर राउंडला काहीतरी करता तरी येतं. मला दुसऱ्याचं पटलं (मी कायम फायटरच घेतो ना 😅). मग २०१४ ची पाचवी काढूया का म्हटलं तर दोघंही माझ्यावरच घसरले. डाइस बॅगेतच राहिले.